कपाशीतल्या मुलाखती

कपाशीच्या कळ्या पुन्हा टपोऱ्या झाल्या आहेत. उद्या उमलणारी कळी आज दुपारीच ओळखू येते. तिचं दुधी पिवळसर टोक हिरव्या वेष्टणातून वर आलेलं असतं आणि बोटांनी हलकेच दाबलं तर ती भरलेली लागते. माझ्या उजव्या अंगठ्याचं नखही आता वाढलं आहे. पावसाळा मध्यावर आला की मी ते कापत नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात, एकच नख का गं? पहिल्या वर्षी मी हात ओढणीखाली घ्यायचे. आता सांगते, आमच्याकडे क्रॉसिंग सुरू आहे.

आमच्या केदारखेड्याच्या शिवारात पुष्कळ घरं बियाण्याच्या कंपन्यांना कपाशीचं बी तयार करून देतात. त्या कामाला सगळे क्रॉसिंगच म्हणतात. प्लॉटात मादी झाडांच्या ओळी जास्त, एका कडेला थोड्या नर झाडांच्या. दुपारी मादी झाडावरची उद्या उमलणारी कळी शोधायची, नखानं तिच्या बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्या, त्यांच्या आतली परागाची नळी, सगळं अलगद पिळून एकदम काढून घ्यायचं. मधली नाजूक काडी मात्र तशीच उभी राहिली पाहिजे. तिला नख लागलं की कळी वाया. मग तिच्यावर लाल कागदाची छोटी टोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नर फुलाचा पराग त्या काडीवर फिरवायचा, देठाला दोरा बांधायचा. एवढं सगळं केल्यावर एक बोंड. संध्याकाळी बांधावरून पाहिलं तर हिरव्या झाडांत लाल टोप्याच टोप्या दिसतात, आणि दिवसभर वाकून दुखलेली मान त्या रंगानं थोडी हलकी होते, असं मला तरी वाटतं.

काल दुपारी मी ओळीच्या मध्यावर असताना अमाकाचा फोन आला. अमाका नायजेरियाची. इंग्लंडमध्ये पाण्याच्या शुद्धीकरणाचं शिक्षण घेऊन आता तिथंच नोकरी शोधते आहे. इथली दुपार कलायला लागते तेव्हा तिथली सकाळ वर आलेली असते. माझ्या कानात वायर, फोन कमरेला ओढणीत बांधलेला, हात कळीवर. मी विचारलं, तुम्हाला हीच नोकरी का हवी? ती बोलायला लागली आणि मी पुढच्या झाडाकडे सरकले. ती मला ‘बाई’ म्हणते. आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या बाईंना बाई म्हणतात, हे तिला सुजाताताईनं सांगितलं. मी कोणाची बाई वगैरे नाही. भोकरदनच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच, आणि मी स्वतः आजपर्यंत एकही मुलाखत दिलेली नाही. तरी चिखलाच्या पायांनी कपाशीत उभी राहून मी परदेशातल्या माणसांच्या मुलाखती घेते. याचं मला अजूनही थोडं हसू येतं. हे सुरू झालं मागच्या वर्षी, याच कळ्यांच्या दिवसांत, सुजाताताईमुळे.

ताई आमच्या शेजारची. तिच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच आहे. इकडे मायनं भाजीला फोडणी दिली की तिकडून लताकाकू, म्हणजे ताईची आई, काय केलं हे न विचारता सांगते. दोन्ही घरांचे प्लॉटही शेजारी. क्रॉसिंगच्या दिवसांत आज तुमच्यात, उद्या आमच्यात, असं आम्ही एकमेकींच्या रानात काम करतो. ताईसुद्धा शाळा सुटली की याच ओळींत कळ्या सोलायची. पुढे तिनं जालन्यात शिक्षण घेतलं, तिथल्याच एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बी उगवतं की नाही हे तपासायचं काम केलं, आणि मग सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ती बियाण्यांचंच पुढचं शिकायला इंग्लंडला गेली. ती गेली त्या दिवशी गल्लीतल्या बायका रस्त्यापर्यंत आल्या होत्या. मी तिची पिशवी धरून होते आणि जीप सुरू झाली तरी सोडत नव्हते, असं माय अजून सांगते.

शिक्षण संपल्यावर तिला तिथं राहून नोकरी शोधायला काही मुदत मिळाली होती. ती मागच्या थंडीत संपणार होती. तोपर्यंत एका दुकानात सामान लावायचं काम करून ती दिवस काढत होती आणि अर्ज करत होती. मुदत संपायच्या आत तिला स्वतःच्या शिक्षणाची नोकरी देणारी, आणि तिच्या व्हिसासाठी स्पॉन्सर होणारी कंपनी मिळाली नाही, तर सामान बांधून परत यायचं. परत येणं काही वाईट नाही, असं ती म्हणायची. पण तिच्या आवाजावरून कळायचं. जे शिकायला ती इतकी लांब गेली होती, ते काम अजून तिच्या हाताला लागलं नव्हतं.

स्पॉन्सर म्हणजे काय, हे मला माय आणि काकूला समजावून सांगावं लागलं. दोघी बांधावर पाणी प्यायला बसल्या होत्या. मी म्हणाले, कंपनीनं तिथल्या सरकारला सांगायचं, की आम्हाला ही मुलगी कामाला पाहिजे, तिची जबाबदारी आमच्याकडे.

काकू म्हणाली, “म्हंजे जामीन राह्यचं.”

मी म्हणाले, तसंच काहीतरी.

“मंग अवघड हाय माय. परक्याला कोण जामीन राह्यतं? इथं सख्खा भाऊ राह्यना.”

ते मला तेव्हा अगदी बरोबर वाटलं. आमच्याकडे जामीन मागायला जाणं म्हणजे काय असतं, ते मी पाहिलेलं आहे. माणूस दारात जातो, चप्पल काढून बसतो, चहा येतो, पिऊन होतो, तरी विषय निघत नाही. निघाला की मग थांबत नाही. घरची सगळी अडचण सांगायची, कधी कोणाचं बुडवलं नाही हे सांगायचं, तुमच्या नावाला धक्का लागू देणार नाही म्हणून शपथ घ्यायची. समोरचा गप्प बसला, की आणखी सांगायचं.

पहिल्या दुपारी ताईचा फोन आला तेव्हा मी घाबरले होते. तिनं मुलाखतीत विचारतात ते प्रश्न मला पाठवले होते आणि म्हणाली, हे तू मला विचार. मी म्हणाले, ताई, माझं इंग्रजी तुला माहीत आहे. एखादी तिथली मैत्रीण बघ ना.

“मैत्रिणी हायेत. पण त्यांच्यासमोर चुकायची लाज वाटते. तुझ्यासमोर न्हाई वाटत,” ती म्हणाली. “प्रज्ञे, तू फक्त विचार.”

मग मी विचारू लागले. शाळेत धडा वाचतात तसं, पूर्णविरामाला थांबत. एका हातानं झाडाची फांदी वाकवलेली, तोंडानं ‘तुमच्याबद्दल सांगा’. मध्येच कोणी बाजूच्या ओळीतून लाल टोप्या मागितल्या, की मी इंग्रजीतून मराठीत यायचे आणि परत जाताना अडखळायचे. ताई हसायची नाही. ती तिकडे खोलीत ताठ बसलेली असायची, हे मला तिच्या आवाजावरून कळायचं. मी दहावीला असताना तिनं मला विज्ञान शिकवलं होतं, याच प्लॉटात, फुलाचे भाग हातात घेऊन. पुंकेसर, स्त्रीकेसर हे शब्द मी पुस्तकाआधी बोटांनी शिकले. आता मी तिला विचारत होते. तिला बरं वाटतंय, एवढंच मला तेव्हा पुरेसं होतं.

त्या दिवसांतली हवा मला आठवते. सुट्टीच्या दिवशी सकाळी दवानं ओल्या झालेल्या झाडांतून गेलं की पोटापर्यंत कपडे भिजायचे, आणि दुपारी तेच कपडे अंगावर वाळून कडक व्हायचे. सोललेल्या पाकळ्यांचा चिकट, किंचित गोड वास बोटांना लागून राहायचा. जेवताना भाकरीलाही तो यायचा. सकाळी कॉलेजला निघताना मी हात कितीही धुतले तरी अंगठ्याच्या नखाखाली हिरवट काळी रेघ राहायची. बसमध्ये खिडकीच्या दांडीला धरलं की ती दिसायची. प्रयोगवहीच्या कोऱ्या पानावर तिचा डाग पडायचा. सरांनी एकदा विचारलं, शाई सांडली का? मी हो म्हणाले. खरं सांगायला काही हरकत नव्हती, पण त्या वेळी सांगता आलं नाही.

पहिली खरी मुलाखत ताईची वाईट गेली. नकार नम्र शब्दांत आला होता. ताईनं तो मला वाचून दाखवला आणि म्हणाली, बघ, नाही म्हणतानाही किती गोड म्हणतात. मी विचारलं, काय झालं नेमकं? ती म्हणाली, त्यांनी विचारलं, तुमच्यात चांगलं काय आहे, आणि मी एक वाक्य बोलून गप्प बसले. ते वाट पाहत होते, मीही वाट पाहत होते.

मला नवल वाटलं. आमच्या सरावात तर ती कधी अशी अडकत नव्हती.

आता मागे पाहिल्यावर त्याचं कारण दिसतं. आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा मुलगी पदर सारखा करून खाली पाहत बसते. नाव विचारलं, की नाव सांगायचं. शिक्षण विचारलं, की शिक्षण सांगायचं. त्यापुढचं तिनं बोलायचं नसतं. शेजारी बसलेला मामा म्हणतो, “पोरगी लई हुशार हाय, वर्गात पयली. रानातलं, घरातलं, समदं येतं.” स्वतःचं चांगलं स्वतः सांगितलं तर पाहुणे उठून जाताना एकमेकांकडे पाहतात. ताई इंग्लंडला जायच्या आधी दोनदा अशी बसली होती. दोन्ही वेळा मी आतल्या दारातून पाहिलं होतं. हे असं बसणं अंगात किती खोल जातं, ते आम्हाला माहीत नव्हतं. कोट घातला, खुर्चीवर बसलं, समोर कॅमेरा आला, तरी ते जात नाही. एक वाक्य बोलून ताई मामाची वाट पाहत होती.

आणि सरावात तो मामा मी होते. हे आमच्या दोघींच्या लक्षात आलं नव्हतं. ते अमाकानं दाखवलं.

अमाका ताईच्याच घरात राहायची, शेजारच्या खोलीत. एका दुपारी ताई म्हणाली, हिलाही सराव हवाय, चालेल का? मी फोन ओढणीतून काढून बांधावरच्या डब्याला टेकवून ठेवला. अमाकाचा चेहरा दिसला. तिनं आधी कपाशी दाखवायला सांगितलं, मग लताकाकूला हात हलवला. काकूनंही हात हलवला आणि मला हळूच म्हणाली, पोरगी तब्येतीनं बरी हाय. अमाकाला मी विचारलं, तुमच्यात चांगलं काय आहे? आणि ती अशी काही बोलायला लागली, की बाजूच्या ओळीतल्या बायका हात थांबवून ऐकू लागल्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण ती स्वतःबद्दल काहीतरी चांगलं सांगते आहे आणि त्याची तिला बिलकुल लाज नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

मग ताईची पाळी आली. मी तोच प्रश्न विचारला. ताई म्हणाली, मी बियाण्यांच्या तपासणीचं काम केलेलं आहे. आणि थांबली. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, हो, आणि तुम्ही जालन्याच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायच्या, तिथं तुमच्या तपासणीवर सगळे विसंबायचे, आणि तुमचं कामही फार स्वच्छ होतं, नाही का? ताई म्हणाली, हो.

अमाकानं मध्येच हात वर केला. तिनं अगदी शांतपणे विचारलं, ही नोकरी नक्की कोणाला हवी आहे, सुजाताला की प्रज्ञाला?

काकूनं विचारलं, काय म्हणली ती? मी सांगितलं. काकू इतकी हसली, की ओच्यातल्या लाल टोप्या खाली सांडल्या. “खरंच की. समदं तूच सांगून राह्यली, मंग ती काय सांगंल?” टोप्या वेचता वेचता ती परत परत तेच म्हणत होती, “मामी झाली बाई ही सुजाताची.” फोनमधून ताईचंही हसणं ऐकू आलं. कितीतरी आठवड्यांनी ती अशी हसली होती.

पण हसून झाल्यावर प्रश्न तसाच होता. मी गप्प बसायचं ठरवलं तरी मला बसवेना. ताई अडखळली, की माझ्या तोंडात पुढचं वाक्य आपोआप यायचं. आणि तिची दुसरी अडचण बरोबर उलटी होती. मी विचारायचे, तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का? त्यावर खरं तर एवढंच म्हणायचं होतं, की होय, लागेल. पण तिथं ती थांबायचीच नाही. होय, लागेल, पण माझ्यामुळे तुम्हाला त्रास होणार नाही, कागदपत्रं मीच तयार करून देईन, कमी पगारातही चालेल, मी कधी रजा घेत नाही. मी ऐकत राहायचे आणि मला दारात चप्पल काढून बसलेली माणसं दिसायची. आपलं चांगलं सांगायचं तिथं ती गप्प होती, आणि गप्प बसायचं तिथं बोलत होती.

उपाय निघाला तो कामातूनच. एक दिवस ताई म्हणाली, तू आता कळी सोलतेयस का? मी हो म्हणाले. ती म्हणाली, मग असं करू. मी थांबले, की तू एक कळी हातात घे. ती सोलून, टोपी घालून होईपर्यंत तू एक शब्द बोलायचा नाही. आणि स्पॉन्सरशिपचं विचारलं, की मी होय म्हणेन, आणि तू एक कळी सोलेपर्यंत मीही एक शब्द बोलणार नाही.

एक कळी सोलायला काही फार वेळ लागत नाही. सवयीच्या हाताला तर फारच कमी. पण फोनच्या दोन टोकांना दोघी गप्प असताना तो वेळ केवढा मोठा वाटायचा. चीर द्यायची, पिळायचं, काडी शाबूत आहे ना पाहायचं, टोपी घालायची. पलीकडे ताईचा श्वास ऐकू यायचा. सुरुवातीला ती मध्येच पुटपुटायची. मग मी म्हणायचे, ताई, कळी अजून हातात आहे. कधी मीच घाई करायचे आणि काडीला नख लागायचं. काकू ओरडायची, मुलाखत घ्या, पण कळ्या नका नासू. हळूहळू तो वेळ आम्हाला सोसवू लागला. आणि मग एके दिवशी असं झालं, की मी तिला तिच्याबद्दल विचारलं, ती एक वाक्य बोलून थांबली, मी कळी हातात घेतली, आणि कळी सोलून व्हायच्या आत ती स्वतःच पुढं बोलू लागली. मी ती कळी तशीच धरून उभी राहिले. मला वाटतं, त्या हंगामात मला सगळ्यांत जास्त आनंद त्या क्षणी झाला. नंतरच्या बातमीपेक्षाही.

त्याच दिवसांत मी तिला एकदा विचारलं, स्पॉन्सरशिप मागताना तुला एवढं अवघड का जातं? ती म्हणाली, उपकार मागतेय असं वाटतं. मी म्हणाले, पण त्यांना कामाला माणूस हवा आहे म्हणूनच त्यांनी तुला बोलावलं ना? मला ते नीट मांडता आलं नाही. मी म्हणाले, आज काकू आमच्या प्लॉटात आहे, उद्या माय तुमच्यात जाणार. कोणी कोणाला हात जोडत नाही. कळ्या वेळेत सोलल्या पाहिजेत, म्हणून सगळे येतात. ताई हं म्हणाली. तिला ते पटलं की माझं मन राखायला ती हं म्हणाली, ते मला अजून माहीत नाही.

दुसरी मुलाखत बियाणं तपासणाऱ्या एका कंपनीत होती. त्या दुपारी आम्ही लताकाकूच्या प्लॉटात होतो. मुलाखत सुरू झाली असेल, असं मी म्हणाले. एरवी क्रॉसिंगच्या बायकांत कोणाचं तरी लग्न, कोणाची तरी सासू, काहीतरी चालूच असतं. त्या दिवशी फक्त पानांची सळसळ आणि पिळताना होणारा कळीचा बारीक आवाज. ताईचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एरवी या वेळी प्लॉटात येत नाहीत. ते बांधावर येऊन उभे राहिले. काकूनं विचारलं, काय पाहिजे? ते म्हणाले, काही नाही, पाणी बघायला आलो. पाणी सोडलेलंच नव्हतं. ते काकूलाही माहीत होतं.

फोन वाजला तेव्हा माझे हात चिकट होते. ताई म्हणाली, झाली. काकू आणि आबा जवळ आले, म्हणून मी आवाज मोठा केला.

समोर एक बाई होत्या आणि एक वयस्कर गृहस्थ. त्यांनी विचारलं, तुमचा आमच्या कामाला काय उपयोग होईल? ताईनं तिचं पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबली. तिकडून कोणी बोललं नाही. ती म्हणाली, प्रज्ञे, मला तेव्हा खरंच वाटलं, की आता तू बोलशील. मग ध्यानात आलं, की इथं कोणीच न्हाई. टेबलाखाली तिचा अंगठा बोटावर कळी पिळल्यासारखा फिरत होता. मग ती बोलली. लहानपणापासून कळीकडे पाहून ती उद्या उमलेल की नाही हे आपल्याला कळतं, इथपासून सुरुवात केली. बी पिशवीत येण्याआधी शेतात कुठं कुठं बिघडू शकतं, ते आपण स्वतःच्या हातानं काम करून पाहिलेलं आहे. प्रयोगशाळेत पुढचं शिकलो. आपलं काम चांगलं असतं. हे शेवटचं वाक्यही ती म्हणाली. म्हणताना कान गरम झाले होते, पण म्हणाली.

“आणि जामीन?” काकूनं विचारलं.

“ते बी विचारलं. मी म्हणलं, होय, लागेल.”

“मंग?”

“मंग मी गप्प बसले.”

काकूनं आबांकडे पाहिलं. ताई सांगत होती, की त्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, ते गृहस्थ खिडकीकडे पाहत होते, आणि तिच्या जिभेवर सगळं आलं होतं, कमी पगार, रजा, सगळं. तिनं ते गिळलं. मग त्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, आम्ही यापूर्वीही केलेलं आहे. आणि पुढचा प्रश्न विचारला. बस, एवढंच. ज्याला आम्ही एवढे घाबरलो होतो, ते त्यांच्यासाठी कामातलं एक काम होतं.

होकार यायला काही दिवस गेले. त्या दिवसांत आम्ही कोणी तो विषय काढला नाही. कंपनीचा माणूस प्लॉट पाहायला आला, टोप्या बराबर आहेत म्हणाला. माझी चाचणी परीक्षा झाली. एका सुट्टीच्या सकाळी, पराग लावायच्या वेळी, तिकडे अजून उजाडलंही नसेल तेव्हा ताईचा फोन आला. मी काकूकडे धावले आणि फोन तिच्या कानाला लावला, कारण तिचे हात पिवळ्या परागानं भरले होते.

फोनमधला ताईचा आवाज मलाही ऐकू येत होता. “आई, मला घेतलं त्यांनी. व्हिसाचं बी तेच करणारेत. काम चांगलं वाटलं माझं.”

“त्यांच्यापाशी तुझ्याकडून कोण बोललं माय?”

“कोणी न्हाई. मीच बोलले.”

काकू म्हणाली, “बरं केलं.” आणि हातातलं नर फूल कोमेजायच्या आत तिनं ते पुढच्या काडीवर फिरवलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. बायका म्हणाल्या, आता काय, आता ती तिकडचीच झाली. काकूही तसंच समजून बसली होती. रात्री जेवताना ती मायला म्हणाली, नोकरी लागली ते चांगलं झालं, पण आता पोरगी दिसायची न्हाई. पण उलटंच होतं. आतापर्यंत ताई येत नव्हती ती भीतीनं. मुदत कमी उरलेली, एकदा इकडे आलो आणि काही अडलं तर परत जाता येईल की नाही, म्हणून दोन वर्षं तिनं घर पाहिलं नव्हतं. आता तिला येता येणार होतं, आणि जाताही येणार होतं. हे मी काकूला समजावून सांगितलं तेव्हा तिनं मला तीनदा विचारलं, नक्की ना?

अमाकाला मात्र अजून नोकरी मिळालेली नाही. तिचीही मुदत आहे. पण तिची पुढची मुलाखत ठरली आहे, आणि तिची एक व्हिएतनामची मैत्रीणही आता आमच्या दुपारच्या सरावाला येते. ती फार हळू बोलते. मी वाट पाहते. हातात कळी असली, की वाट पाहणं सोपं जातं. मुलाखत म्हणजे काय, हे मला अजून तरी पूर्ण कळलेलं नाही. पण समोरच्याला त्याचं वाक्य सापडेपर्यंत आपण गप्प राहायचं, एवढं मला येतं, आणि हे काही कमी नाही, असं हल्ली वाटू लागलं आहे. स्वतःचं हे चांगलं मी कोण्या मामाची वाट न पाहता लिहिते आहे.

ताई मागच्या थंडीत आली. बोंडं फुटून वेचणी चालली होती. नवा व्हिसा मिळाला होता. आली त्या रात्री ती काकूच्या हातची भाकरी आणि ठेचा जेवली, थोडं बोलली, आणि झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत उजाडायच्या आत तिच्या दाराशी माणसं येऊ लागली. कोणाला भेटायचं होतं, कोणाला आपल्या पोराचं पुढच्या शिक्षणाचं विचारायचं होतं, कोणाला नुसतं पाहायचं होतं. काकू दारातच बसली होती. प्रत्येकाला सांगत होती, “झोपली हाय. दुपारून या.”

दुपारी माणसं पुन्हा आली, तरी ताई झोपलेलीच होती. आबा म्हणाले, उठव आता, माणसं खोळंबलीत. काकूनं न्हाई म्हणून मान हलवली. मी आत डोकावले. ताई कुशीवर झोपली होती, तोंड थोडं उघडं, एक हात गोधडीच्या बाहेर. गेली दोन वर्षं ती अशी झोपली नसणार. मला तिला कितीतरी सांगायचं होतं. मी बाहेर येऊन काकूच्या शेजारी पायरीवर बसले. ऊन अंगणात सरकत होतं. आम्हा दोघींना कसलीच घाई नव्हती.